रेट्रो शूटरमधले रंग: डिझाइन की झाकपाक?

निऑनवेडा
परवा इथे एकाने लिहिलं होतं की नव्या रेट्रो शूटरमध्ये, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या जुन्या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमच्या धर्तीवर बनवलेल्यांत, खेळ असा काही नसतोच, पोकळी झाकायला रंग आणि स्फोट फासलेले असतात, डोळे मिटून बटण दाबत राहिलं तरी स्कोअर वाढतो. वाचून डोकंच फिरलं. 'जिओमेट्री वॉर्स: रेट्रो इव्हॉल्व्ड' (२००५) डोळे मिटून खेळून दाखवा बरं! त्यात रंग म्हणजे शत्रूचा स्वभाव. जांभळी भिंगरी वाट फुटेल तिकडे भरकटते, निळा समभुज चौकोन सरळ अंगावर येतो, हिरवा तुमची गोळी चुकवतो, गुलाबी फुटला की त्याची पिल्लं सुटतात. पन्नास जण एकदम आले तरी कोणाला आधी उडवायचं हे रंगावरूनच ठरतं. आणि रंगाचा सोस आजचा नाही. 'स्पेस इन्व्हेडर्स'चा (१९७८) पडदा कृष्णधवल होता, तरी काही मशीनवर रंगीत पट्ट्या चिकटवून रंग आणलाच.

गोष्टवेल्हाळ
ते मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणणं आहे. तुम्ही चांगलं उदाहरण उचललंत, बाकीच्यांचं काय? 'डिफेंडर'मध्ये (१९८१) वर स्कॅनर (आजूबाजूचा छोटा नकाशा), खाली वाचवायची माणसं. कोणाला वाचवायचं, कोणाला सोडायचं, क्षणोक्षणी निर्णय. आता शत्रू फुटला की पडदाभर ठिणग्या, आकडे, वर पडदा हादरतो. त्यात एक बारीकशी गोळी येते आणि आपण गेलो. कशाने मेलो हेच कळलं नाही तर शिकायचं काय?

एकाच_नाण्यात
चांगल्या शूटरमध्ये गोळी दिसतेच. 'दोदोनपाची'तल्या (१९९७) गोळ्या गुलाबी-निळ्या का, तर स्फोटांच्या पिवळ्या-नारिंगीत हरवू नयेत म्हणून. तुमच्या विमानाचा मार लागणारा भाग तर जेमतेम काही पिक्सेलचा, म्हणून तर गोळ्यांच्या भिंतीतून निसटता येतं.
खरा रोग वेगळाच आहे: कंटिन्यू, म्हणजे मेल्यावर नवं नाणं टाकून तिथूनच पुढे खेळणं! मेलं की कंटिन्यू, मेलं की कंटिन्यू. अर्ध्या तासात शेवट बघायचा आणि वर "खेळात काही नाही" म्हणायचं. आधी एका क्रेडिटमध्ये, म्हणजे एकाच नाण्यात, पहिले दोन टप्पे काढा, मग बोला.

काळा_चष्मा
अवांतर होईल, पण बोलतेच. मला अर्धशिशी आहे. बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) फुटताना पडदा पांढरा-लाल लुकलुकला की त्या दिवशी माझं काम संपलं. लहानपणापासून हे खेळ जीव की प्राण, आणि आज नवा खेळ घेताना आधी सेटिंग्जमध्ये फ्लॅश बंद होतो का ते शोधावं लागतं. बहुतेकदा नसतंच. १९९७च्या डिसेंबरमध्ये जपानात 'पोकेमॉन'च्या एका भागातल्या लुकलुकाटाने सहाशेहून जास्त मुलांना दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्यानंतरही हे शिकायचं बाकी आहे?

एकाच_नाण्यात
फ्लॅश, हादरा हा खेळाचा ठोका आहे. तो काढला तर उरतं काय? झेपत नसेल तर दुसरे पुष्कळ खेळ आहेत.

काळा_चष्मा
"झेपत नसेल तर"? गोळ्या चुकवायला मला झेपतं, तुमच्याइतकंच. मी खेळ सोपा करा म्हणत नाहीये. गोळ्या तेवढ्याच, वेग तोच, फक्त पडदा सेकंदाला दहादा पेटवू नका. माझ्या दुखण्याला तुम्ही आळस समजताय, त्याचा राग येतो.

दोन_काड्या
तिच्या बाजूने. माझ्या भावाला लाल-हिरवं वेगळं दिसत नाही. पॉवर-अप (ताकद वाढवणारी वस्तू) आणि गोळी त्याला सारखीच. पण 'इकारुगा' (२००१) तो माझ्यापेक्षा चांगला खेळतो, कारण तिथे सगळा खेळ काळ्या-पांढऱ्याचा. आपल्याच रंगाची गोळी गिळायची, विरुद्ध रंगाची चुकवायची. उजेड-अंधाराचा फरक त्याला बरोबर दिसतो. म्हणजे नीट विचार केला की जमतं.

गोष्टवेल्हाळ
मग मी वेगळं काय म्हणत होतो? झगमगाट काढल्यावर जो उभा राहतो तो खेळ, कोसळतो तो नुसता देखावा. माझ्या मुद्द्याला कोणीच उत्तर दिलेलं नाही.

निऑनवेडा
हे अर्धंच खरं. 'स्पेस इन्व्हेडर्स'मध्ये शत्रू कमी झाले की उरलेले जोरात पळतात, कारण प्रोसेसरवरचा भार हलका होतो. तो खेळ बनवणाऱ्या निशिकाडोंनी ते मुद्दाम तसंच ठेवलं. यंत्राचा परिणामच खेळ झाला, मग त्याला देखावा म्हणणार का? फ्लॅशचा पर्याय मात्र हवा, हे मान्य. पण हादरा मी चालूच ठेवणार.

एकाच_नाण्यात
फ्लॅश बंद करून खेळलेला स्कोअर त्याच यादीत धरला तरी माझी हरकत नाही, गोळ्या तेवढ्याच असतील तर. "झेपत नसेल" लिहायला नको होतं. कंटिन्यूवाल्यांचा स्कोअर मात्र वेगळाच ठेवा, त्यावर मी एक इंचही हलणार नाही.

काळा_चष्मा
त्यावर मीही तुमच्याच बाजूने आहे. आता फ्लॅश बंद होणाऱ्या शूटरची नावं द्या कोणीतरी.