पडद्यामागच्या स्त्रियाही यादीत हव्यात

चित्रपटसृष्टीतील प्रेरणादायी स्त्रिया कोणत्या, या चर्चेत आतापर्यंत अभिनेत्री आणि दिग्दर्शिकांचीच नावे आली आहेत. त्यांत आम्हां कोल्हापूरकरांतर्फे वेशभूषाकार भानू अथैया यांची भर घालावीशी वाटते. चित्रकार अण्णासाहेब राजोपाध्ये यांची ही कन्या 1929 साली कोल्हापुरात जन्मली, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात शिकली आणि 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी 1983 मध्ये, जॉन मोलो यांच्यासह, ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय ठरली. परंतु त्यांची ओळख केवळ त्या ऑस्करच्या बाहुलीपुरती ठेवणे मला अपुरे वाटते. 'ब्रह्मचारी' या हिंदी चित्रपटातील मुमताजची केशरी साडी नीट पाहावी: ती आधीच शिवलेली असून तिला चेन लावलेली होती, म्हणूनच एवढा वेगवान नाच करताना साडी जागची हलत नाही. हे नुसते सजवणे नव्हे, अंगाच्या हालचालीचा हिशेब आहे. 'लगान' चित्रपटातील धुळकटलेले, वापरून विटलेले कपडेही त्यांच्याच हातचे.

कोल्हापुरातच दिग्दर्शक बाबूराव पेंटरांच्या 'सैरंध्री' या चित्रपटात (1920) गुलाबबाई आणि अनसूयाबाई कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या, तेव्हा स्त्रीने चित्रपटात काम करणे समाजाला मान्यच नव्हते. त्यांच्याविषयी इतके थोडे लिहिले गेले आहे, याची खंत वाटते.