विषय: सुट्टीत काय बघू? (थरार, प्रेम, भुतं, माहितीपट, काहीही)

मंडळी, नमस्कार.
बाहेर उणे अठरा, शाळा बंद. रोज जेवण उरकेपर्यंत आमच्याकडे 'आज काय लावायचं' एवढीच चर्चा. गेल्या काही वर्षांतलं सुचवा. अडचण अशी की सासूबाई आल्यात, त्यांना सबटायटल्स वाचायचा कंटाळा. मुलांचं सबटायटल्सवाचून अडतं.
– बेसमेंटवाली वहिनी

---

वहिनी,
सासूबाई कोकणातल्या ना? मग 'मुंज्या' (2024) लावा. आदित्य सरपोतदारचा, हिंदी. पिंपळावरचा मुंजा म्हणजे काय हे मुलांना त्याच सांगतील. भीती निम्मी, हसू निम्मं.

मुलं झोपली की 'तुंबाड'. 2018 मध्ये थिएटरात बेताचीच गर्दी झाली. 2024 च्या सप्टेंबरात पुन्हा लावला, तर पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला! राही अनिल बर्वेने त्यात पाऊस असा दाखवलाय की सोफ्याला ओल आल्यासारखं वाटतं. त्यातल्या हस्तर नावाच्या शापित देवाला कणकेच्या बाहुल्यांची भूल घालतात. दुसऱ्या दिवशी पोळ्या करताना माझा हात गोळ्यावर अडखळला, खोटं कशाला सांगू.

थरारात 'अंधाधुन' अजून कुणी पाहिला नसेल तर हेवा वाटतो. पुण्यात घडतो, आंधळा पियानोवादक, याउपर एक शब्द सांगणार नाही. त्यात छाया कदम आहे, तिच्यावर नजर ठेवा. तीच पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'मध्ये मुंबईतलं घर सुटल्यावर रत्नागिरीकडे परतते. कान महोत्सवात 2024 चा ग्रां प्री मिळालेला सिनेमा. प्रेमकथा म्हणाल तर तीच.
– सिनेमावाला काका

---

काका, 'ऑल वी इमॅजिन' बहुतेक मल्याळममध्ये आहे हो! सासूबाई पंधरा मिनिटांत झोपतील. प्रेमाचंच हवं तर रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' बघा. मराठी, आणि 2025 चं अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक.
– तळमजल्यावरची

---

ताई, त्यात दोन पुरुषांचं प्रेम आहे. सासूबाईंसोबत?
– वहिनी

---

माझ्या आईने पाहिला. वडील गेल्यावर मुलगा गावी येतो, दहा दिवसांचं सुतक, आणि तेवढ्यातही नातेवाईक लग्नाचं विचारतात. आईची तक्रार एवढीच: 'दहा दिवस तरी पोराला सोडा की.' तुमचं तुम्ही ठरवा.

हो, माहितीपट राहिला. 'ऑल दॅट ब्रीद्स', शौनक सेनचा. दिल्लीतले दोन भाऊ जखमी घारींवर तळघरात उपचार करतात. बोली हिंदी, म्हणजे सासूबाईंची सोय. मुलांचा धीर सुटला तर 'द एलिफंट व्हिस्परर्स', तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या जंगलातलं हत्तीचं पिल्लू, चाळीसेक मिनिटांत संपतो. 2023 चं ऑस्कर आहे.
– तळमजल्यावरची

---

काल 'मुंज्या' झाला. सासूबाईंनी दर दहा मिनिटांनी पॉज करायला लावलं, 'असं नसतं गं मुंजाचं!' मुलं टीव्ही सोडून आजीचंच ऐकत बसली. धाकटा रात्री आमच्या खोलीत झोपला, तो सिनेमामुळे नाही, आजीमुळे. 'साबर बोंडं' शनिवारी लावतेय. 'तुंबाड' नवऱ्याने परस्पर रद्द केला.
– वहिनी