आवृतबीजी की आवृत्तबीजी?

पानगळ: आमच्या संकुलाच्या बागेत झाडांच्या पाट्या लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सायकसच्या पाटीसाठी मी 'अनावृतबीजी' (ज्याचे बी फळात झाकलेले नसते) असे लिहिले होते, पण विज्ञान शिकवणाऱ्या शेजारीणबाईंनी ते खोडून 'अनावृत्तबीजी' केले आणि मुले शाळेत हेच रूप शिकतात असे सांगितले. बरोबर रूप कोणते, आणि मुलांना चटकन कळेल असा दुसरा शब्द आहे का?

समिधा: 'आवृत' म्हणजे झाकलेले, 'आवरण' त्याच धातूपासून आले आहे. 'आवृत्त' मात्र 'वृत्' म्हणजे फिरणे, परत येणे यापासून झाला असून पुस्तकाची 'आवृत्ती' त्याच कुळातली आहे. सायकसचे बी फळात झाकलेले नसते, एवढेच सांगायचे असताना दुसरा 'त' अर्थच बदलतो. विश्वकोशातली 'प्रकटबीज' आणि 'आवृतबीज' ही जोडी मला अधिक नेमकी वाटते.

देवराई: शास्त्राद्रूढिर्बलीयसी. ज्या रूपाने मुले हा गट ओळखायला शिकली, ते केवळ धातूच्या आधाराने चूक ठरवणे मला पटत नाही.

बोंडू: सरळ 'उघडबीजी' म्हणावे; मूळ ग्रीक शब्दातही 'उघडे'च आहे. सावंतवाडीला आमच्या परड्यात काजू होते आणि बी बोंडूच्या बाहेर लोंबते म्हणून मी परीक्षेत काजू याच गटात घातला होता. गुण गेले, पण कारण कोणी सांगितले नाही.

समिधा: कारण, आपण जिला काजूची बी म्हणतो ते वनस्पतिशास्त्रात फळ आहे. टरफल ही त्या फळाची भिंत, आतला गर हे बी, आणि बोंडू म्हणजे फुगलेला देठ. म्हणून काजू आवृतबीजच. कोकण किनाऱ्यावरचा सुरूही सुईसारख्या पानांच्या प्रकटबीज झाडांसारखा दिसत असला, तरी सपुष्प, म्हणजे आवृतबीजच आहे.

बोंडू: मग 'काजूबी' हा शब्द चुकीचा म्हणायचा का? आमच्याकडे फळ म्हणजे बोंडू, आणि हा भेद शास्त्राच्या परिभाषेपूर्वीचा आहे.

देवराई: बोंडू यांचे म्हणणे मला मान्य आहे. भाताचा दाणाही शास्त्रात फळच, तरी शेतकरी बियाणेच पेरतो.

पानगळ: रंगारी शनिवारी येणार आहे. एक 'त' की दोन?

समिधा: एकच. पण देवराई, आंब्याच्या कोयीचे काय? तिचे कठीण कवच फळाचा भाग आणि आतला गर बी, असे असताना मराठीने दोन्हींना मिळून एकच नाव दिले आहे.

देवराई: आणि फणसाच्या आठळीला वेगळे. यावर सविस्तर लिहितो.