मदत हवी आहे: जुन्या एअर रायफलच्या पिस्टनला चामड्याऐवजी पॉलियुरेथेन सील चालेल का?

रायफल .१७७ (४.५ मिमी) ची, स्प्रिंगवर चालणारी ब्रेक-बॅरल, म्हणजे नळी खाली वाकवून स्प्रिंग दाबायची. सिलिंडरचा आतला व्यास २५ मिमी, मूळ सील चामड्याच्या वाटीचं आणि आता कडक होऊन कडेने फाटलेलं. ब्रीच सील (नळी आणि सिलिंडरच्या जोडावरचं) नवीन आहे. जोडावर टिश्यू पेपरची पट्टी धरून झाडलं तर पट्टी हलत नाही, म्हणजे गळती पिस्टनपाशीच.

चामडं ठेवायचं तर ३-४ मिमी जाडीचं, वनस्पतीजन्य कमावणीचं लागेल. कोल्हापुरी चपलांचं बाभळीच्या सालीने कमावलेलं चामडं वाटी दाबायला कुणी वापरलंय का? स्टोव्हच्या पंपाचा वॉशर सुचवू नका, तो फारच पातळ.

पॉलियुरेथेनची धास्ती वेगळी आहे. कॉकिंग स्लॉटची (स्प्रिंग दाबणाऱ्या दांड्यासाठी सिलिंडरला असलेल्या खाचेची) कड धारदार असेल तर सील आत सरकवतानाच त्याचा ओठ, म्हणजे पातळ कड, कापला जातो, म्हणून स्लॉटची कड बारीक पॉलिश पेपरने मोडावीच लागेल. शिवाय हे सिलिंडर चामड्यासाठी बनलेलं, आतून थोडं खरबरीत. होनिंग (आतून घासून गुळगुळीत) केल्याशिवाय सील टिकेल? कडकपणा शोअर ए (रबरासारख्या मालाच्या कडकपणाचं माप) ९० घ्यावा की ९५? सिलिंडरमध्ये किती घट्ट बसवावं?

तेलाचाही प्रश्न आहे. चामड्याला तेल लागतंच, पण खनिज तेल जास्त झालं की दाबाच्या उष्णतेने पेटतं, धूर आणि फटाक्यासारखा आवाज येतो, स्प्रिंगही तुटू शकते. सिलिकॉन तेल सहजासहजी पेटत नाही, पण स्प्रिंगच्या लोखंडाला वंगण म्हणून ते निरुपयोगी. सीलला आणि स्प्रिंगला तुम्ही काय लावता?

पुण्याजवळ भोसरीत एकच नग लेथवर टर्न करून देणारं वर्कशॉप माहीत असेल तर तेही सांगा.