एनजीसी १०९७ : सोबतीण दीर्घिका आणि मधला दंड

प्रश्न (मुलुंड) : एनजीसी १०९७ या दंडयुक्त सर्पिल (मध्यातून ताऱ्यांचा सरळ पट्टा, म्हणजे दंड, गेलेल्या) दीर्घिकेच्या छायाचित्रात वरच्या भुजेजवळ एक लहान, लंबगोल दीर्घिका दिसते. मधला दंड तिच्याच गुरुत्वाकर्षणामुळे तयार झाला असेल का? आणि मुंबईहून ही जोडी दिसू शकेल का?

उत्तर (दादर) : तसे ठामपणे म्हणता येणार नाही, कारण ताऱ्यांची तबकडी अस्थिर झाली की कोणी शेजारी नसतानाही दंड तयार होऊ शकतो, जवळून गेलेली दीर्घिका या क्रियेला चालना मात्र देते. खरी गंमत पुढे आहे. दंडालगत वायूचा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) घटतो, त्यामुळे वायू आत घसरत जातो आणि केंद्राभोवती सुमारे ५,००० प्रकाशवर्षे व्यासाच्या कड्यात साठून तिथे नवे तारे जन्मतात.

उत्तर (ठाणे) : दीर्घ उद्भासनाच्या (कॅमेऱ्यात बराच वेळ प्रकाश घेऊन काढलेल्या) छायाचित्रांत बाहेर पसरलेले चार अंधुक पट्टेही पाहावेत, त्यांपैकी एक तर जवळजवळ काटकोनात वळलेला आहे. ते बहुधा पूर्वी गिळलेल्या एखाद्या बटू दीर्घिकेचे अवशेष असावेत. त्याचा दोष या सोबतिणीला देऊ नये.

उत्तर (डोंबिवली) : दीर्घिका सुमारे उणे ३० अंश क्रांतीवर (खगोलीय विषुववृत्ताच्या ३० अंश दक्षिणेला) असल्याने मुंबईहून दक्षिणेला जेमतेम ४१ अंश वर येते. शहराच्या उजेडात आशा नाही. डिसेंबरच्या अमावास्येला वांगणीच्या पलीकडे मोठी दुर्बीण न्यावी, तरीही सोबतीण दिसणे कठीणच.