तापीवर गळ टाकणारा माणूस, समुद्रावर सुरुवात कशी करू?

केळीबाग_रावेर

राम राम मंडळी.

मी रावेर तालुक्यातला, घरची केळी आहे. लहानपणापासून तापीवर गळ टाकतो, हतनूर धरणाच्या फुगवट्यातही. मरळ, वाम, शिंगाडा, नशीब असलं तर कटला. आधी बांबूची काठी न् तंगूस (नायलॉनची दोरी) होतं, तीन वर्षांपूर्वी साडेसात फुटी रॉड आणि लहान रीळ घेतलं.

धाकटी बहीण गुहागरला असते. मागच्या दिवाळीत तिच्याकडे गेलो तेव्हा रॉड सोबत नेला होता. दोन दिवस पुळणीवर उभा राहिलो, एक मासा लागला नाही. तीस ग्रॅमचं शिसं दर लाटेसोबत पायाशी परत यायचं. घरून डब्यात नेलेली गांडुळं पाण्यात गेली की पाच मिनिटांत पांढरी आणि लिबलिबीत. मी जीव तोडून लांब फेकत होतो आणि माझ्यापासून शंभर पावलांवर एक बाबा साध्या हातदोरीने, वीस-पंचवीस पावलांवर टाकून, ढोमे काढत होते. ते दृश्य वर्षभर डोळ्यांसमोरून हललेलं नाही.

यंदा भाऊबीजेला पुन्हा जातोय, चार दिवस. रॉड कोणता घेऊ, शिसं किती, आमिष काय, वेळ कोणती? आणि लांब फेकावं लागतं की नाही? नदीत मी चांगला पोहतो, पण समुद्राची मला भीती वाटते. त्याबद्दलही सांगा.

---

शिरपूरचे_गुरुजी

भाऊ, तुमचा प्रश्न वाचून मला माझंच पहिलं वर्ष आठवलं. मी शिरपूर तालुक्यातला. जिल्हा परिषदेच्या शाळेवर पहिली नेमणूक गुहागर तालुक्यात झाली आणि आंतरजिल्हा बदली होऊन घरी यायला एकोणीस वर्षं लागली. त्यातली सतरा वर्षं दर रविवारी मी पुळणीवर होतो. तिकडे गळाने मासे धरण्याला ‘गरवणं’ म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. ‘गरवायला आलोय’ म्हटलं की गावातली माणसं आपणहून बोलतात.

तुम्ही पाहिलेले ते बाबा बरोबर होते. मासा लांब नसतो, मासा खळगीत असतो. लाट किनाऱ्यावर आदळून मागे फिरते तेव्हा वाळू खरवडते आणि किनाऱ्याला समांतर एक चर तयार होतो. चराच्या पलीकडे वाळूचा उंचवटा असतो. लाट उंचवट्यावर पांढरी होऊन फुटते, चरावर आली की बसते, आणि काठाशी पुन्हा फुटते. या दोन पांढऱ्या पट्ट्यांमधलं जे गडद पाणी, तिथे वाळूतले किडे, लहान खेकडे, शिंपल्या उकरल्या जातात आणि मासे खायला येतात. तुम्ही फेकत होतात ते उंचवट्याच्याही पलीकडे, किंवा नेमकं उंचवट्यावर. तिथे शिसं ठरत नाही.

तापीवर तुम्ही डोह कसा ओळखता? पाण्याचा रंग आणि वळण बघून. तीच नजर इथे लावायची. फरक एवढाच की नदीचा डोह वर्षभर जागेवर असतो आणि समुद्राचा चर एका उधाणात सरकतो. म्हणून पहिल्या दिवशी रॉड घरीच ठेवा. पूर्ण सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पुळणीवर चालत जा. पाणी मागे हटलं की अख्खा तळ उघडा पडतो. कुठे चर आहे, कुठे उंचवटा तुटून पाण्याला वाट झालीय, कुठे खडक आहे, ते किनाऱ्यावरच्या एखाद्या सुरूच्या झाडाच्या खुणेने डोक्यात ठेवा. भरती चढायला लागली की त्याच खुणेसमोर उभं राहायचं.

वेळ तिथीवरून निघते. कोळी लोकांचा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. भाऊबीज म्हणजे द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमाराला पूर्ण भरती, पुन्हा रात्री साधारण तेव्हाच, आणि सकाळी साडेसातच्या आसपास पूर्ण सुकती. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा, आणि निघण्याआधी भरतीचं छापील किंवा मोबाईलवरचं कोष्टक बघूनच घ्या. रोज ही वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढे जाते. तुमच्या चौथ्या दिवशी, पंचमीला, भरती पावणेचारच्या पुढेमागे येईल. मला स्वतःला चढत्या भरतीचे शेवटचे दोन तास आणि उतरतीचा पहिला तास लाभले. त्यात पहाट किंवा तिन्हीसांज जुळली तर सोनंच. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची, मऊ. तुम्ही उधाणात जाताय, तेव्हा शिसं जड लागेल.

आता सामान. साडेसात फुटी रॉड तिथे अपुरा पडतो, कारण दोरी फुटत्या लाटेच्या वरून गेली पाहिजे. अकरा किंवा बारा फुटी, दोन-तीन तुकड्यांचा घ्या, रेल्वेतही नेता येतो. रॉडवर किती ग्रॅमपर्यंत फेकता येतं ते लिहिलेलं असतं, १०० ते १५० वाला बघा. रीळ ५००० किंवा ६००० आकाराचं. त्यावर ०.३५ मिमीचं तंगूस भरा. ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी पहिल्या वर्षी नको. तिने बोट कापतं आणि गुंता सुटत नाही.

शिसं पिरॅमिडच्या आकाराचं, ८० ते १२० ग्रॅम. गोल शिसं वाळूवर लोळतं, पिरॅमिड रुततं. मागच्या वर्षी तुमचं शिसं परत येत होतं त्याचं अर्धं कारण हे.

आणि एक गोष्ट कृपा करून टाळू नका. १०० ग्रॅम शिसं जोरात फेकताना पातळ तंगूस तुटलं तर ते शिसं बंदुकीच्या गोळीसारखं जातं. एकदा माझं असंच तुटलं आणि कोरड्या वाळूत बसलेल्या माणसापासून दोन हातांवर रुतलं. त्या रात्री मला झोप आली नाही. तेव्हापासून मुख्य दोरीच्या पुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडल्याशिवाय मी कधी फेकलं नाही. त्याला शॉक लीडर म्हणतात. १०० ग्रॅमसाठी चाळीस पौंडी, म्हणजे साधारण ०.६० ते ०.७० मिमीचं, लांबी रॉडच्या दुप्पट आणि वर रिळावर चार-पाच वेढे बसतील इतकी. जोडायला दोन्ही बाजूंनी युनी गाठ (गळवाल्यांची सरकती गाठ). गाठ आवळण्याआधी थुंकी लावून ओली करा, नाहीतर तंगूस घासून जळतं.

सराव शेतातच करा. गळ काढून टाका, नुसतं शिसं लावा, पीक निघालेल्या मोकळ्या वावरात उभे राहा आणि मागेपुढे माणूस-ढोर नाही हे बघून फेका. पन्नास पावलं सरळ रेषेत गेलं की पुरे. लांबीपेक्षा दिशा साधा.

समुद्राची भीती वाटते म्हणालात ती सोडू नका. उंचवटा तुटून पाण्याला जिथे वाट होते, तिथून ते नदीसारखं आत ओढतं. वरून ती जागा शांत दिसते, लाट फुटत नाही, आणि नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो. गुडघ्यापर्यंतच्या पाण्यापलीकडे जायचं नाही. ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून ओढीच्या बाहेर पडा आणि मग काठाला या. पावसाळ्याचे चार महिने तर पुळणीवर गरवायला उतरूच नये.

---

हर्णैची_लेक

माझं माहेर हर्णै, सासर पाचोरा. गुरुजींनी पाण्याचं सांगितलं, मी आमिषाचं सांगते.

भाऊ, गांडूळ विसरा, खाऱ्या पाण्यात ते टिकत नाही. सकाळी बाजारात जाऊन ताजी कोळंबी घ्या, मध्यम, सालासकट. डोकं काढा, शेपटीकडून गळ घाला आणि पाठीतून वळवून टोक बाहेर ठेवा. लाटेने निघून जाते म्हणून माझे वडील शिवायच्या दोऱ्याने तीन-चार वेढे देत. बांगडा किंवा तारली असेल तर बोटाएवढी तिरकी फाक कापा, कातडी ठेवूनच. माकूळ (स्क्विड) सगळ्यात चिवट, एका तुकड्यावर तीन-चारदा फेकता येतं. बर्फाच्या डब्यात ठेवा, उन्हात मऊ झालेलं आमिष गळावर राहत नाही.

मुडदुशी खायची असेल (आणि खायचीच, तिच्याएवढा गोड मासा नाही) तर अगदी काठाजवळ, बारीक गळ आणि कोळंबीचा नखाएवढा तुकडा. तिचं तोंड लहान असतं. ढोम्याला जरा मोठा गळ. रावस लागला तर घाई करू नका, त्याला पळू द्या, रिळाचा ड्रॅग, म्हणजे दोरी अडवणारा ब्रेक, सैल ठेवा.

शिंगाळा, म्हणजे तुमचा शिंगाडा, तुम्हाला नदीतला माहीतच आहे. समुद्रातल्याच्या पाठीवरचा आणि दोन्ही बाजूंचा काटा जास्त वाईट. पक्कडीने गळ काढा, हात लावू नका. पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) वाळूत अंग झाकून बसलेलं असतं, म्हणून पाण्यात पाऊल उचलून टाकू नका, घासत घासत चाला, म्हणजे ते आधीच सरकतं. काटा लागलाच तर जखम सोसवेल तितक्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवायची आणि मग दवाखाना. भाजेल इतकं गरम नको. आमच्याकडे घरोघरी हेच करतात.

रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर तिथून लांब उभे राहा. तुमचा गळ त्यांच्या जाळ्यात अडकला तर त्यांचा दिवस जातो. आणि तुटलेलं तंगूस वाळूत टाकू नका. नोव्हेंबरपासून गुहागरच्या किनाऱ्यावर कासविणी अंडी घालायला येतात, त्यांच्या पायात ते अडकतं.

---

नंदुरबार_तापीकाठ

एक वेगळं सांगतो. आपल्या भागातल्या पुष्कळांना वाटतं, कोकण लांब, सुरतेची गाडी पकडून डुमसला जाऊ, आपली तापी तिथेच समुद्राला मिळते. मी गेलोय दोनदा. नवख्याने तिथे सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे काठचा काळ्या वाळूचा पट्टा सोडला तर पुढे गाळ आहे, आणि खंबातच्या आखाताची भरती फार मोठी. कोकणात पाणी दोन-अडीच मीटर चढतं, आखातात आत भावनगरकडे ते दहा मीटरपर्यंत जातं. सुकतीला पाणी इतकं मागे जातं की माणूस त्यामागे चालत सुटतो, आणि परत येताना पाण्याचा वेग आपल्या पायांपेक्षा जास्त असतो. दुसऱ्या खेपेला मी गाळात पिंढरीपर्यंत रुतलो, रॉड आडवा टाकून त्याच्या आधाराने निघालो.

गुहागरलाच जा भाऊ.

---

केळीबाग_रावेर

गुरुजी, ताई, नंदुरबारचे दादा, तिघांचेही मनापासून आभार. सगळं वहीत उतरवून घेतलं.

बारा फुटी रॉड जळगावहून आणला. केळी कापून झालेलं एक वावर मोकळं आहे, तिथे रोज सकाळी पाणी सोडल्यावर अर्धा तास फेकतोय. पहिल्या दिवशी शिसं डावीकडे मक्यात गेलं आणि शोधायला तास लागला. काल दहापैकी सात वेळा सरळ गेलं, साठ पावलं. लीडरची गाठ पोराकडून दोनदा ओढून बघितली, निघाली नाही.

वाळूत रॉड उभा करायला दोन इंची पीव्हीसी पाईपचा चार फुटी तुकडा घेतला, खालचं टोक तिरकं कापलं. ड्रिपच्या कामातला उरलेला पाईप होता. चालेल ना?

आणि गुरुजी, पहिल्या सकाळी साडेसातला नुसतं बघायला जायचं ठरवलंय. बहिणीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ते बाबा अजून रोज येतात.

---

शिरपूरचे_गुरुजी

पाईप उत्तम. पण वाळूत निदान दीड फूट जाऊ द्या आणि रिळाचा ड्रॅग सैल ठेवूनच रॉड त्यात उभा करा. मोठं पाकट लागलं तर आवळलेला रॉड पाईपसकट घेऊन जातं. घरी आल्यावर रॉड-रीळ गोड्या पाण्याने हलक्या धारेखाली धुवा, सावलीत वाळवा.

बाबांसाठी रावेरची केळी घेऊन जा. आणि पहिल्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून ते कुठे टाकतात तेवढंच बघा.