मेलचा आयपी काढून माणूस पकडणं हे आपलं काम आहे का?

सुहास_डोंबिवली
आमच्या सोसायटीत गेल्या महिन्यात सगळ्या सभासदांना एक निनावी मेल आला, नवीनच काढलेल्या जीमेल आयडीवरून. रिपेअर फंडाचा हिशोब लागत नाही असा आरोप, आणि सोबत खजिनदार बाईंबद्दल अत्यंत घाणेरडी भाषा. कमिटीतल्या एकाने मेलचं हेडर (मेल कुठून कसा आला त्याची तांत्रिक नोंद) उघडलं, त्यातला २०९.८५ ने सुरू होणारा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आकडी पत्ता, लोकेशन सांगणाऱ्या कुठल्यातरी साइटवर टाकला, उत्तर आलं कॅलिफोर्निया. बी विंगमधल्या एका काकांचा मुलगा तिकडे असतो, काकांचं कमिटीशी जुनं वाजलेलं, झालं, त्यांचं नाव सरळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडलं.

अहो, २०९.८५ हे गुगलचे स्वतःचे मेल सर्व्हर आहेत! जीमेलच्या वेबसाइटवरून किंवा अ‍ॅपवरून पाठवलेल्या मेलमध्ये पाठवणाऱ्याचा आयपी येतच नाही, दिसतो तो गुगलच्या सर्व्हरचा. ए विंगमधून मेल टाकला असता तरी कॅलिफोर्नियाच दिसलं असतं. काका सत्तरीचे आहेत, आता जिन्यात लोक त्यांच्याशी बोलत नाहीत. माझं म्हणणं एवढंच की आयपीवरून कुणाचंही नाव आपण घेऊ नये, तो अधिकार आपल्याला नाही आणि तेवढी माहितीही नसते. तुमचं मत सांगा.

केदार_के
एकाने चुकीचं वाचलं म्हणून शोधायचंच नाही का? निनावी आयडी काढून बायकांबद्दल वाट्टेल ते लिहिणाऱ्यांची भीड पार चेपलीय, कारण त्यांना माहितीये की कुणी मागे लागत नाही. पोलीस स्टेशनला गेलात तर पहिला प्रश्न, पैसे गेलेत का? नाही? मग ब्लॉक करा. लोकांनी शोधलं आणि चारचौघांत नाव घेतलं तरच हे थांबेल असं मला मनापासून वाटतं.

मृण्मयी
केदार यांच्याशी बरीचशी सहमत. मला एका सहकाऱ्याकडून असे मेल यायचे, अर्थात तेव्हा माहीत नव्हतं कोण ते. पोलिसांकडून "दुर्लक्ष करा मॅडम". मेल जीमेलवरून नव्हते, कुठल्यातरी छोट्या होस्टिंगवरचा डोमेन होता, त्यामुळे हेडरमध्ये सगळ्यात खालच्या रिसीव्हड ओळीत (मेल कुठून कुठे गेला त्याच्या या ओळी) पाठवणाऱ्याचा आयपी होता. तो मी स्वतः काढला आणि बघते तर आमच्याच ऑफिसचा स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा आयपी. एचआरकडे गेले, आयटी टीमने त्या वेळेचे लॉग (कोण कधी जोडलेलं होतं त्याच्या नोंदी) काढले, माणूस सापडला, त्याने कबूलही केलं. सुहास यांचा नियम पाळला असता तर मी अजून ते मेल वाचत बसले असते. बाईच्या इनबॉक्समध्ये रोज काय येऊन पडतं ते बाहेरून कळत नाही हो.

सुहास_डोंबिवली
मृण्मयी, तुम्ही केलंत ते योग्यच होतं. हेडर वाचायला माझा विरोध नाही, नाव पाडायला आहे. तुम्ही ग्रुपवर नाव टाकलं नाहीत, ज्यांच्याकडे लॉग होते त्यांच्याकडे गेलात.

केदार, आपण तर सोडाच, पोलिसांच्या हातूनही काय होतं ते बघा. २००७ ला ऑर्कुट या तेव्हाच्या सोशल साइटवर शिवाजी महाराजांबद्दल आक्षेपार्ह मजकूर आला, पुणे पोलिसांनी आयपी मागवला, टेलिकॉम कंपनीने दुसऱ्याच ग्राहकाची माहिती दिली आणि बंगळूरच्या एका तरुण आयटी इंजिनिअरने सुमारे ५० दिवस कोठडीत काढले. त्याचा त्या मजकुराशी काही संबंध नव्हता. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांआधी काही मिनिटं जो मेल आला त्याचा आयपी नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकन माणसाचा निघाला. वायफाय उघडं होतं, दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं. पुढचे मेलही असेच दुसऱ्यांच्या वायफायवरून, एक माटुंग्याच्या कॉलेजातून, एक चेंबूरच्या कंपनीतून. पण त्या माणसाचं नाव तोवर सगळ्या पेपरांत छापून आलेलं.

केदार_के
पण सानपाड्याचा आयपी मिळाला म्हणूनच वायफायचा प्रकार कळला ना? तपास तिथून पुढे गेला, अटकाही झाल्या. म्हणजे आयपी उपयोगाचा आहेच.

राउटरवाला
मी आयएसपीत, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीत नेटवर्कला आहे म्हणून लिहितो. आयपी उपयोगाचा आहेच, पण एकटा नाही. आयपीव्ही४ चे, म्हणजे जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते जगात मिळून साधारण ४३० कोटी, आशियाच्या वाट्याचे २०११ लाच जवळपास संपले. म्हणून मोबाईल कंपन्या एकच पब्लिक आयपी एका वेळी शेकडो ग्राहकांना वाटून देतात. अशा वेळी आयपी बघून माणूस ठरवणं म्हणजे चाळीच्या सामायिक नळावरून पाणी कुणी सांडलं ते ठरवणं. सोबत पोर्ट नंबर (एकाच आयपीवरच्या जोडण्या वेगळ्या ओळखायचा आकडा) लागतो आणि सेकंदापर्यंत वेळ लागते, आणि ती वेळ कुठल्या टाइमझोनची तेही लागतं, हेडरमधली वेळ बरेचदा यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असते, साडेपाच तास मिळवायचे राहिले की भलताच ग्राहक निघतो. पोर्ट नंबर नसलेली मागणी आली की आम्ही काय देणार, शंभर नावं?

लोकेशन साइट तर विसराच. रत्नागिरीत बसून मोबाईल डेटावर तुमचा पत्ता बघा, मुंबई दाखवेल. अमेरिकेत कॅन्सस राज्यात एका शेतघरावर वर्षानुवर्षं पोलीस आणि चिडलेले लोक येऊन धडकायचे, कारण ज्या आयपींचा नेमका पत्ता माहीत नाही असे सुमारे ६० कोटी आयपी एका कंपनीने देशाच्या मध्यावरच्या त्या बिंदूवर टाकून दिले होते. २०१६ ला हे उघड झालं. तिथे राहणाऱ्यांचा दोष काय, तर घर नकाशाच्या मध्यावर!

निशिगंधा
एक विचारू का, मेलमधल्या हिशोबाचं काय झालं? सगळे कोणी लिहिलं तेच शोधतायत. भाषा घाणेरडी होती ते अक्षम्यच आहे, पण सोसायटीत नाव घेऊन हिशोब विचारला तर पार्किंगपासून पाण्यापर्यंत त्रास देतात हे मी पाहिलंय. आज शिवीगाळ करणाऱ्याचा आयपी काढाल, उद्या सभ्य भाषेत प्रश्न विचारणाऱ्याचाही काढाल. हे हत्यार शेवटी कमिटीच्याच हातात जाणार.

केदार_के
सभ्य भाषेत विचारलं असतं तर कोण कशाला शोधायला गेलं असतं.

निशिगंधा
गेलं असतं. नक्की गेलं असतं.

अ‍ॅडव्होकेट_नगरकर
कायद्याचं थोडं सांगते. गुगलकडे त्या अकाउंटच्या लॉगिनचे आयपी असतात, पण ते तुम्हाआम्हाला देणार नाहीत, पोलिसांच्या नोटिशीवर मिळतात, पूर्वी सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम ९१, आता तिच्या जागी आलेल्या बीएनएसएसचं कलम ९४. आणि त्यासाठी वेळ घालवू नका, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवणं बंधनकारक आहे, सहा महिन्यांनी गेलात तर हाती काही लागेलच असं नाही. मूळ मेल डिलीट करू नका, फॉरवर्ड करून किंवा स्क्रीनशॉट काढून भागत नाही, मूळ हेडर त्यात राहत नाही. "शो ओरिजिनल" करून फाइल डाउनलोड करा. कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल, पूर्वीच्या पुरावा कायद्यातलं ६५ब. आणि सुहास, काकांचं नाव ग्रुपवर टाकणाऱ्यावर बदनामीचा दावा होऊ शकतो, कमिटीला हे सांगाच.

मृण्मयी
मॅडम, सगळं बरोबर, पण तक्रार घेतच नाहीत त्याचं काय? माझा सगळा राग तिथे आहे.

अ‍ॅडव्होकेट_नगरकर
राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर ऑनलाइन तक्रार टाका, पोचनंबर मिळतो. (१९३० हेल्पलाइन मुख्यतः पैसे गेलेल्यांसाठी आहे.) तरी हलले नाहीत तर बीएनएसएस १७३(४) खाली एसपीला किंवा आयुक्तांना लेखी द्या, तिथेही दाद नाही लागली तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. वेळखाऊ आहे, मान्य करते.

सुहास_डोंबिवली
काकांबद्दलचा मेसेज मागे घेऊन त्याच ग्रुपवर माफी मागावी असं पत्र कमिटीला देतोय, सोबत राउटरवाला यांनी लिहिलेलं जोडतोय. खजिनदार बाईंकडे मूळ मेल आहे, त्यांना पोर्टलचं सांगतो. निशिगंधा, हिशोबाचा मुद्दा सर्वसाधारण सभेत मी माझ्या नावाने मांडणार आहे.

केदार_के
पत्र द्या, बरोबर आहे. पण सहा महिन्यांत पोलिसांनी काहीच केलं नाही आणि मेल येतच राहिले तर त्या बाईंना काय सांगणार तुम्ही? माझं मत मी बदललेलं नाही.